सर्व्हरचीही दाखल नोंदवही हवी

वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते थेट कपाटात जात नाही. आधी दाखल नोंदवहीत त्याची ओळ पडते. दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, कोणाकडून घेतलं, बिल क्रमांक काय. देणगीत आलं असेल तर देणगीदाराचं नाव. पुढे कधी वाळवी लागून बाद झालं, तर तेही त्याच ओळीत. कोकणातल्या आडगावचं ‘ड’ वर्गाचं वाचनालयही ही शिस्त पाळतं. आता त्याच वाचनालयाच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कव्हराखाली घुरघुरणाऱ्या सर्व्हरबद्दल विचारून बघा. यावर कोणतं सॉफ्टवेअर आहे? ते कुठून आणलं? कोणी बसवलं, शेवटचं कधी बदललं? उत्तर ठरलेलं असतं: ‘ते त्या मुलाला ठाऊक होतं, तो आता पुण्याला असतो.’

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचनालयांचे आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांचे सर्व्हर बघणं हा माझा व्यवसाय आहे. डिप्लोमा झाल्यावर बरोबरच्या बहुतेक मुली हिंजवडीला गेल्या, मी इथेच राहिले. त्यामुळे ‘त्या पुण्याच्या मुलानं’ मागे ठेवलेले संसार आवरण्याचं काम माझ्याकडे बरंच येतं. त्या अनुभवावरून माझं एक ठाम मत झालं आहे. अनुदानावर, वर्गणीवर किंवा फीवर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आपल्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरमार्फतच बसवून घ्यावं आणि तशी अट कामाच्या आदेशात लेखी घालावी. हा विषय तांत्रिक वाटतो म्हणून कार्यकारी मंडळाच्या सभेत त्यावर कोणी बोलत नाही. पण तो आहे हिशेबाचा, आणि हिशेब तर आपल्या मंडळींना उत्तम कळतो.

आज चित्र काय दिसतं? दरपत्रकात एक ओळ असते: ‘सर्व्हर, इन्स्टॉलेशनसह’. इन्स्टॉलेशन म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंनी गुलदस्त्यात. माणूस येतो, पेन ड्राइव्ह लावतो, एक फोल्डर कॉपी करतो, पडद्यावर लॉगिनचं पान दिसलं की सही-शिक्का घेऊन दुपारची एसटी पकडतो. मी असे सर्व्हर उघडते तेव्हा ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘फायनल’ आणि ‘फायनल खरं’ अशा नावांचे फोल्डर शेजारी शेजारी नांदत असतात. त्यातलं चालू कोणतं, हे एकेक बंद करून पाहिल्याशिवाय कळत नाही. विंडोज किल्ली फोडून घातलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी झॅम्प नावाचा गठ्ठा असतो. त्यात वेब सर्व्हर, डेटाबेस, पीएचपी सगळं एकत्र येतं. तो गठ्ठा बनवणारेच सांगतात की हा शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी आहे, प्रत्यक्ष सेवेसाठी नाही. आपल्याकडे त्यावर वर्षानुवर्षं हजारो सभासदांची नावं, पत्ते आणि फोन नंबर बसलेले आहेत.

पॅकेज मॅनेजर नेमकं काय करतो ते एका उदाहरणानं सांगते. ग्रंथालयांसाठी ‘कोहा’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हतं. तेव्हा कातिपो नावाच्या कंपनीनं 1999 मध्ये त्यांना नवं लिहून दिलं. जानेवारी 2000 मध्ये ते सुरू झालं आणि मुक्त परवान्याखाली जगासाठी खुलं केलं गेलं. आज भारतातल्या असंख्य महाविद्यालयांत पुस्तकांची देवघेव त्यावर चालते. हे सॉफ्टवेअर एकटं येत नाही. त्याला मारियाडीबी हा डेटाबेस लागतो, अपाची हा वेब सर्व्हर लागतो, शोधासाठी झेब्रा लागतं आणि पर्ल भाषेतले शेकडो छोटे भाग लागतात. प्रत्येकाची आवृत्ती एकमेकांशी जुळणारी हवी. हाताने जमवायला घेतलं तर आठवडा जाईल आणि शेवटी काय कुठे ठेवलं ते करणाऱ्यालाही आठवणार नाही.

डेबियन या लिनक्सवर हेच काम ‘ॲप्ट’ या पॅकेज मॅनेजरमार्फत असं होतं. कोहाच्या भांडाराचा, म्हणजे त्याची पॅकेजेस जिथून मिळतात त्या ठिकाणाचा, पत्ता एका फाइलमध्ये लिहायचा आणि त्या भांडाराची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. मग ‘ॲप्ट अपडेट’ म्हणायचं. सर्व्हर भांडारातली ताजी यादी आणतो. मग ‘ॲप्ट इन्स्टॉल’ म्हणून ‘कोहा-कॉमन’ आणि मारियाडीबी ही नावं द्यायची. ॲप्ट आधी काहीच बसवत नाही. काय काय लागेल, त्यातलं काय आधीच आहे, किती डाउनलोड होईल, डिस्कवर किती जागा जाईल, हे सगळं मांडून विचारतं: पुढे जाऊ का? होकार दिल्यावर प्रत्येक भाग योग्य क्रमानं उतरवून, तपासून, बसवून देतं. त्यानंतर आपल्या वाचनालयाच्या नावाचा डेटाबेस तयार करायचा आणि कामाला लागायचं.

यातली तपासणी महत्त्वाची आहे. प्रत्येक पॅकेजचा आकडेमोडीनं काढलेला ठसा भांडाराच्या यादीत असतो आणि त्या यादीवर भांडाराची डिजिटल सही असते. वाटेत कोणी एका अक्षराची जरी ढवळाढवळ केली, तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते पॅकेज नाकारतं. पेन ड्राइव्हमधल्या ‘सेटअप’ फाइलला अशी सही कोण विचारतो? ती कोणत्या सायबर कॅफेतून, कोणत्या मित्राच्या लॅपटॉपवरून फिरत आली, हे देवालाच ठाऊक.

आणि मग येते नोंद. ॲप्ट केलेलं प्रत्येक काम इतिहासाच्या फाइलमध्ये लिहितं: तारीख, वेळ, कोणती आज्ञा दिली, कोणत्या वापरकर्त्यानं दिली, काय नवं आलं, काय बदललं, काय काढलं. डिस्कवरच्या एखाद्या अनोळखी फाइलकडे बोट दाखवून ही कोणत्या पॅकेजची, असं विचारता येतं. बसवल्यानंतर कोणी मूळ फाइल बदलली आहे का, हेही पडताळता येतं. नको असलेलं काढायचं तर त्याच्या फाइली शोधत बसावं लागत नाही, आणि सेटिंगच्या फाइलींसकट काढायचीही वेगळी आज्ञा आहे. ग्रंथपालाला ज्या नोंदी पुस्तकांसाठी अत्यावश्यक वाटतात, नेमक्या त्याच नोंदी हा कारकून न सांगता ठेवतो. संस्थेला फक्त तो कामावर ठेवायचा आहे.

ही सोय पूर्वीपासून नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिनक्सवर काही बसवायचं म्हणजे मूळ कोड उतरवायचा, तो आपल्या यंत्रावर घडवायचा, त्रुटी आली की आणखी एखादा भाग शोधायला निघायचं. 1993 मध्ये इयन मरडॉक यानं डेबियन सुरू केलं आणि त्याबरोबर डीपीकेजी हे पॅकेजांची नोंद ठेवणारं साधन वाढलं. 1999 च्या डेबियन आवृत्तीत ॲप्ट आलं आणि अवलंबून असलेले भाग आपोआप आणण्याची कटकट यंत्रानं आपल्या अंगावर घेतली. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या घरात आरपीएम, मग यम आणि आता डीएनएफ ही तशीच परंपरा. नावं वेगळी, शिस्त एकच. 2023 च्या डेबियन 12 मध्ये 64 हजारांहून अधिक पॅकेजेस होती. ती सांभाळणारे जगभरचे स्वयंसेवक आहेत आणि त्यांची वार्षिक परिषद सप्टेंबर 2023 मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, खाली कोचीला भरली होती.

आता कोकणाकडे येऊ. इथे सर्व्हर चालवणं म्हणजे पावसाशी, विजेशी आणि इंटरनेटशी रोजचा तह. जून लागला की लाईट कधी जाईल याचा नेम नसतो आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला मंडळाची मंजुरी पुढच्या सभेत मिळायची असते. कॉपी-पेस्टनं चालू असलेलं इन्स्टॉलेशन अर्ध्यात मोडलं, तर पहिल्यापासून सुरुवात. डीपीकेजी मात्र प्रत्येक पॅकेज कोणत्या पायरीवर होतं ते लिहीत जातं. वीज परत आली की ते स्वतःच सांगतं, काम अर्धवट राहिलंय, अमुक आज्ञा द्या. ती दिली की उरलेलं पुरं करतं. अडीच वाजता मिऱ्या बंदराकडून काळं आभाळ आलं, तरी मी या आज्ञेच्या भरवशावर अपडेट चालू ठेवलं आहे.

इंटरनेटचंही तसंच. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीसेक संगणक असतात आणि लाइन एकच. प्रत्येकानं तेच अपडेट वेगवेगळं उतरवलं, तर प्राचार्यांच्या केबिनमधला व्हिडिओ कॉल अडकतो. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ नावाचं एक छोटं पॅकेज सर्व्हरवर बसवलं की पहिल्या संगणकानं आणलेली फाइल तिथे साठते आणि बाकीच्यांना आतल्या आत मिळते. जिथे इंटरनेटच नाही, तिथेही वाट आहे. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकसकानं ‘ॲप्ट-ऑफलाइन’ लिहिलं आहे. सर्व्हर आपल्याला काय हवं त्याची यादी एका फाइलमध्ये देतो, ती घेऊन जोडणी असलेल्या ठिकाणी जायचं, तिथे सगळं उतरवायचं आणि परत येऊन बसवायचं. इथेही पेन ड्राइव्हच वापरला जातो, पण त्यातून आलेल्या प्रत्येक पॅकेजची सही तपासली जाते. फरक तेवढाच आणि तोच मोठा.

पुराबद्दल तर इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, दोन्ही पुरांचा तडाखा त्या संस्थेच्या ग्रंथसंपदेला बसला. जिथे कपाटंच्या कपाटं पाण्याखाली जातात, तिथे टेबलाखालचा सर्व्हर किती टिकणार? प्रश्न तो वाचेल का हा नाही. गेल्यावर किती वेळात उभा राहील हा आहे. पॅकेज मॅनेजरनं बसवलेला सर्व्हर पुन्हा उभा करायला दोनच गोष्टी लागतात: बसवलेल्या पॅकेजांची यादी आणि डेटाची प्रत. यादी एका आज्ञेत काढता येते आणि ती एका कागदावरही छापून ठेवता येते. डेबियनच्या पॅकेजमधून बसवलेलं कोहा रोज स्वतःहून डेटाची प्रत काढतं. ती प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या डिस्कवर पाठवायची व्यवस्था तेवढी आपण करायची. नवं यंत्र आलं की डेबियन, मग यादीतली पॅकेजेस, मग डेटा. ज्याच्या सर्व्हरवर ‘फायनल खरं’ होतं, त्याला मात्र पुण्याच्या मुलाचा फोन लागेपर्यंत थांबावं लागतं.

मराठीच्या अंगानंही एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या ग्रंथालयांच्या जुन्या याद्या कित्येक ठिकाणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. तो फॉन्ट एका ठरावीक सॉफ्टवेअरबरोबर आला, सॉफ्टवेअर बंद पडलं आणि ‘ययाति’च्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा उरला. युनिकोडमधला लोहित देवनागरी हा फॉन्ट रेड हॅटनं मुक्त परवान्यानं दिला आहे आणि तो डेबियनच्या भांडारात एका नावानं मिळतो. मराठी शुद्धलेखन तपासण्याची शब्दसूचीही तिथेच आहे. कोहाच्या झेब्रा शोधाला मात्र भारतीय लिप्यांसाठी आयसीयू पद्धत निवडून द्यावी लागते, नाहीतर जोडाक्षरं असलेली नावं शोधात नीट सापडत नाहीत. असे आपण केलेले बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसले जातील, ही भीती मला नेहमी ऐकू येते. डीपीकेजी तसं करत नाही. आपण बदललेली सेटिंगची फाइल आणि नव्या आवृत्तीतली फाइल वेगळी दिसली, की ते थांबतं आणि विचारतं: तुमची ठेवू, नवी घेऊ, की दोन्हींतला फरक दाखवू? आपण काहीच न सांगता नुसतं पुढे जा म्हटलं, तर तुमचीच ठेवतं. इतकी अदब माणसांतही विरळा.

माझ्या या आग्रहावर आक्षेप येतात आणि ते सगळेच खोडसाळ नसतात. पहिला आक्षेप शिकलेल्या मुलांचा: ‘मॅडम, डेबियनमध्ये सगळं जुनं मिळतं.’ खरं आहे. स्थिर आवृत्ती गोठवली की पुढे तिच्यात नवे चोचले येत नाहीत, फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. पण मार्च 2024 मध्ये काय झालं ते आठवा. एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्समध्ये असलेल्या छोट्या लायब्ररीत कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास संपादन करून चोरदरवाजा घुसवला. मायक्रोसॉफ्टमधला अभियंता आंद्रेस फ्रॉइंड याला सर्व्हरवरचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय, एवढाच संशय आला आणि त्यानं तो माग काढला. बाधित 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोचल्या होत्या. स्थिर शाखेत त्या आल्याच नव्हत्या. ग्रंथालयाला कालच्या तारखेचं सॉफ्टवेअर नको असतं. त्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी देवघेव बंद न पाडणारं सॉफ्टवेअर हवं असतं.

दुसरा आक्षेप: ‘पॅकेज बनवणारेही चुकतातच की.’ चुकतात. 2006 मध्ये डेबियनच्याच एका पॅकेजकर्त्यानं ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत केलेल्या बदलामुळे त्यावर तयार झालेल्या किल्ल्या ओळखता येण्याइतक्या कमकुवत झाल्या आणि हे मे 2008 पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. ही मोठी चूक होती, ती लपवायचं कारण नाही. पण चूक सापडल्यावर कोणत्या आवृत्त्या बाधित आहेत हे जाहीर झालं आणि दुरुस्ती त्याच वाटेनं प्रत्येक सर्व्हरपर्यंत गेली. 7 एप्रिल 2014 ला त्याच ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं भोक जाहीर झालं, तेव्हाही डेबियननं त्याच दिवशी दुरुस्त पॅकेज दिलं. ते एक पॅकेज बदललं आणि सेवा पुन्हा सुरू केल्या की त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या प्रोग्रॅममधलं ते भोक एकदम बुजलं. ज्यांनी स्वतःची ओपनएसएसएलची प्रत पोटात घेऊन आलेले गठ्ठे बसवले होते, त्यांना मात्र प्रत्येक गठ्ठा शोधून हातानं बदलावा लागला. आपल्याकडे असा गठ्ठा आहे, हेच माहीत नसलेल्यांनी काय केलं असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तिसरा आक्षेप नवा आहे: ‘आता सगळं डॉकरमध्ये असतं, क्लाउडवर असतं, तुमचं ॲप्ट कोण वापरतो?’ क्लाउडवर भाड्यानं घेतलेला सर्व्हरही बहुतेक वेळा उबुंटू किंवा डेबियनच असतो आणि त्याला अपडेट द्यावंच लागतं. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या भागांसकट भरलेला डबा; तो उघडला तर आत पहिल्या काही ओळींत अनेकदा ‘ॲप्ट इन्स्टॉल’च दिसतं. डबा बंद करून ठेवला म्हणून आतला माल ताजा राहत नाही. डबा वापरायला माझी हरकत नाही; तो कोणी भरला, कधी भरला आणि पुन्हा कधी भरणार, हे सांगता यायला हवं.

शेवटचा आक्षेप कार्यवाहांचा असतो आणि तो सगळ्यांत प्रामाणिक असतो. ‘ताई, सॉफ्टवेअर फुकट, बसवायला एक ओळ. मग बिल कसलं?’ मी त्यांना सांगते, काका, बसवण्याचे पैसे खरंच कमी आहेत. पैसे आहेत ते जुन्या फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये आणण्याचे, एकाच लेखकाची चार प्रकारे लिहिलेली नावं एक करण्याचे, डेटाची प्रत खरोखर परत उभी राहते का ते करून बघण्याचे आणि दर महिन्याला अपडेट नीट झालं का हे पाहण्याचे. आपल्या संस्था परवान्यासाठी लाखभर मोजतात, कारण त्याची पावती आणि खोका मिळतो. देखभालीसाठी पाच हजार मागितले की चर्चा होते. मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थ देखभाल फुकट असा कोणी लावला असेल, तर त्याचा सर्व्हर दोन वर्षांत पुन्हा अनाथ होईल. फक्त या वेळी तो कायदेशीररीत्या अनाथ असेल.

मुदत हा आणखी एक मुद्दा, आणि इथे मंडळांनी थोडं कडक व्हायला हवं. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटला शेवटची तारीख असते. रेड हॅटच्या परंपरेतल्या सेंटओएस 7 या लिनक्सच्या दुरुस्त्या 30 जून 2024 ला थांबल्या. सेंटओएस 8 ची मुदत तर 2029 पर्यंत सांगितली होती, पण डिसेंबर 2020 मध्ये ती आखडून 31 डिसेंबर 2021 करण्यात आली आणि जगभरच्या संस्थांना अल्मा किंवा रॉकी लिनक्सकडे वळावं लागलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला तीन वर्षं आणि त्यापुढे दोन वर्षं वाढीव, अशी साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मुदत संपली की पॅकेज मॅनेजर मुकाट्यानं ‘नवं काही नाही’ म्हणतो आणि आपल्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. सर्व्हर घेतानाच ही तारीख खरेदीच्या ठरावात लिहिली, तर पुढच्या मंडळाला अंदाजपत्रकात तरतूद करता येईल.

सरकारी धोरण या बाबतीत आडवं येत नाही. केंद्र सरकारनं 2015 मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. सी-डॅकनं डेबियनवर आधारलेलं ‘बॉस’ लिनक्स बनवलं. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयानं उबुंटूवर बेतलेल्या ‘माया’कडे वळायचं ठरवल्याच्या बातम्या आल्या. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठीतही दिले आहेत. अडतं ते तालुक्याच्या पातळीवर, कारण तिथे हे काम करणारा माणूस नाही असं आपण धरून चालतो. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, फिनोलेक्सचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं अभ्यासक्रमात लिनक्सच्या आज्ञा शिकतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात, कारण त्यांच्यासमोर जिवंत सर्व्हर येत नाही. शहरातलं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं. जिल्हाभर शासनमान्य वाचनालयं पसरलेली आहेत. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रकल्पाला एकेक वाचनालय जोडून द्या. हजेरी आणि निकालाची शंभरावी नक्कल असलेले प्रकल्प करण्यापेक्षा ती पोरं जाकादेवीच्या किंवा लांज्याच्या वाचनालयाचा सर्व्हर नीट उभा करतील. त्यातली दोन-चार जणं इथेच राहून हा व्यवसाय करतील, तर मला स्पर्धा झालेली आवडेल.

तेव्हा कार्यवाह, प्राचार्य आणि ग्रंथपाल मंडळींना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी सर्व्हरचं दरपत्रक समोर आलं की सही करण्याआधी आदेशात चार अटी घाला. एक, सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीमच्या किंवा मूळ निर्मात्याच्या सही केलेल्या भांडारातूनच बसवावं आणि बाहेरचं काही बसवावं लागलं तर कारणासह लेखी द्यावं. दोन, काम संपल्यावर बसवलेल्या पॅकेजांची छापील यादी आणि अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख द्यावी. तीन, मुख्य पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात राहील. चार, डेटाची प्रत दुसऱ्या यंत्रावर परत उभी करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. ज्याला काम येतं, तो या चारही अटी हसत मान्य करेल. जो कुरकुर करेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.